वाडीचा चढ आणि बॅटरीची गाडी

"दोघं बसलो तर ही गाडी आमच्या वाडीचा चढ चढंल का?" कामशेतच्या बॅटरीच्या स्कूटरच्या दुकानात मी हेच विचारत राहिलो. तिथला पोरगा रेंज सांगायचा, रंग दाखवायचा, पण याचं उत्तर काही देईना. दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं, हृदय दुबळं झालं होतं. डॉक्टरांनी चढ चालायचा नाही म्हणून बजावलं होतं. वाडीवरच्या घरात राहायचं तर गाडी हवीच होती.

दादा पोराला म्हणाला, "भाऊ, बैल घेताना आमी भरल्या गाडीला जुंपून चढावर बघतो. मोकळा कुनीबी पळतो."

मी लगेच चावी उचलली आणि दादाला मागं बसवलं. पोरगा घाबरून त्याच्या गाडीवर आमच्यामागं आला. अर्ध्या चढावर मोटर दमली आणि गाडी थांबली.

"उतरतो मी," दादा म्हणाला.

"गप बस. अजून एक बैल हाय."

मी उतरलो, दादाच्या हातात हँडल दिलं. पोरानं आणि मी ढकलत गाडी दारात नेली. दादा हॉर्न वाजवून आईला सांगत होता, "चढली गं गाडी."

मग मोठ्या मोटरची गाडी नोंदवली, पण ती यायच्या आत दादा गेला. त्या दिवशी मी त्याला चढ चालू दिला नाही. त्याच्यासाठी केलेलं शेवटचं काम तेवढंच.