ओ'लोननांचा विस्तव

डीलिया : नाही म्हणजे नाही. लंगडत जगेन.

फिनबर : आत्या, खुब्याचं ऑपरेशन आहे. दुपारी दाखल नाही झालीस तर वर्षभर पुन्हा तारीख मिळायची नाही.

डीलिया : आणि ही चूल? वरच्या किल्ल्यातला विस्तव आहे तो. इंग्रजांच्या तोफांनी मनोरा फोडला, किल्ल्याचा मालक डोनल ओ'लोनन स्पेनच्या गलबतात बसला, तेव्हा त्यांची स्वयंपाकीण, आपल्याच घराण्यातली, मडक्यात निखारे घेऊन इथं उतरली. साडेतीनशे वर्षं विझला नाही.

फिनबर : विझलाय, आत्या.

डीलिया : कधी?

फिनबर : तू गॉलवेला मयतीला गेली होतीस. मला राखणीला ठेवलंस आणि मी नाचाला गेलो. सकाळी येतो तर राख गार. काडी ओढून पेटवला. तीस वर्षं सांगायची छाती झाली नाही.

डीलिया : ठाऊक आहे मला. घरभर रॉकेलचा वास, आणि तू सगळी भांडी घासून ठेवलेलीस. जन्मात कधी घासली नव्हतीस.

फिनबर : मग बोलली का नाहीस?

डीलिया : काय तोंडानं बोलू? माझ्याही हातून एकदा विझलाय. आईच्याही.

फिनबर : आणि या काडेपेटीच्या विस्तवापायी लंगडत राहणार?

डीलिया : विस्तवापायी नाही रे. रोज रात्री निखारे राखेखाली झाकताना मी किल्ल्यातल्या ओ'लोननांची नावं घेते. लहानपणी मेंढरं शोधायला किल्ल्यात शिरले की आई म्हणायची, दबकत जा, मालक बाहेर गेलेत एवढंच. कोणी परत आलं नाही. थडग्यांवरची अक्षरंही पावसानं गेली. मी ऑपरेशनमधून उठलेच नाही, तर नावं कोण घेणार? त्याची भीती वाटते मला.

(फिनबर चुलीपुढे गुडघे टेकतो, फावडं उचलून निखाऱ्यांवर राख ओढू लागतो.)

फिनबर : कोनर, ज्यानं मनोरा बांधला. टेग बहिरा, ज्यानं जेवणवेळी दरवाजा कधी लावू दिला नाही. फिनोला, जिनं नवऱ्यामागे नऊ आठवडे वेढा सोसला.

डीलिया : अकरा.

फिनबर : अकरा आठवडे. आणि डोनल, जो गलबतात किल्ल्याकडे तोंड करून बसला.

डीलिया : तुला कोणी शिकवलं?

फिनबर : लहानपणी सुट्टीत पलीकडच्या खोलीत झोपायचो ना मी. भिंत पातळ आहे.

डीलिया : कडेनंही राख ओढ. आणि माझा कोट दे, उशीर होतोय.