रुखवतात बसलेली पिशवी

मंडळी, ऐका. गणरायाला वंदन झालं, पेटीनं सूर धरला, तबल्याच्या काकांनी चहाचा कप खाली ठेवला — आता आधी एक प्रश्न. उत्तर लगेच द्यायचं नाही. मनात ठेवायचं.

माणसानं नटावं की नटू नये?

हां! पहिल्या रांगेतल्या काकूंनी लगेच पदर सारखा केला! अहो, तुम्हाला नाही म्हटलं. मी सगळ्यांनाच विचारते. आपण आहोत त्यापेक्षा जरा बरं दिसायला बघणं — हे खोटं आहे का? देवाच्या दारात हे चालतं का? देव तर स्वतः नटतो! पहाटे साधं धोतर, दुपारी पीतांबर, सणाला मुकुट. मग तो नटला तर पूजा, आणि आपण नटलो तर ढोंग? की नटण्या-नटण्यात काही फरक आहे?

आता तुम्हाला वाटेल, बाई एखाद्या राणीची गोष्ट सांगणार. रत्नजडित महाल, सोन्याचा पलंग. नाही हो! आजच्या आख्यानाची नायिका आहे — नायलॉनची पिशवी!

हसा, हसा. तुमच्या प्रत्येकीच्या पायाशी एकेक आहे, मला इथून दिसतायत.

चिपळूणला अवंती नावाची एक सून. एम.एस्सी. झालेली, हुशार, पण पोर झाल्यापासून जिवाला घोर. पोर अकरा महिन्यांची. कागदावर स्पृहा, घरात चिऊ. अवंती रांगणाऱ्या चिऊच्या मागे जायची ती फरशी न्याहाळत — टाचणी पडलीय का, शेंगदाणा पडलाय का, मुंगी आहे का. मुंगी असली तर कुठल्या जातीची!

आणि या अवंतीकडे एक पिशवी. राखाडी नायलॉनची, दोन लांब बंद, दोन आखूड, वर चेन. बाळंतपणात कुणीतरी दिलेली. चिऊ कुठे जाईल तिथे ती पिशवी. आत काय? लंगोट, दुपटं, बाटली, गरम पाण्याचा थर्मास, तापाचं औषध, तोंड पुसायचा रुमाल, तो रुमाल पुसायला दुसरा रुमाल… आणि एक चिंधी. जुन्या मऊ लुगड्याची, कडेला पिवळी रेघ, एका टोकाला गाठ मारलेली. ती गाठ तोंडात धरल्याशिवाय चिऊ झोपायची नाही! तिचं नाव 'मऊ'. चिऊला आई म्हणता यायच्या आधी मऊ म्हणता आलं — अवंतीच्या मनाला हे थोडं लागलंही होतं.

एवढं भरल्यावर पिशवीचा आकार काय होणार? सांगा! पावसात भिजलेल्या पोत्यासारखी! ठेवली की आडवी. उचलली की लोंबती.

आणि घरात लग्न निघालं. अवंतीच्या नणंदेचं, ऋतुजाचं. व्याही पुण्याचे. झालं! सासूबाईंनी, उषाताईंनी, घरातल्या प्रत्येक वस्तूकडे विहीणबाईंच्या नजरेनं बघायला सुरुवात केली. पडदे बदलले. जावयाच्या आधी गॅसची शेगडी न्हाली. आणि एक दिवस नजर पिशवीवर आली.

"अवंती, हे बोचकं घेऊन विहिणींसमोर यायचं नाही हो."

"आई, चिऊचं सगळं त्यातच असतं."

"असू दे की. पण तू नवऱ्यामुलीची वहिनी. बाजारातून कांदे घेऊन आल्यासारखी दिसतेस."

कांदे! मंडळी, बाईला जाड म्हणा, काळी म्हणा, एक वेळ सहन करील. 'कांदे घेऊन आल्यासारखी' हे पोटात जातं आणि तिथेच राहतं!

त्याच दिवशी फोन आला बेबीआत्यांचा. बेबीआत्या म्हणजे उषाताईंची नणंद, आणि रुखवताच्या सर्वाधिकारी! लग्नात मांडायचं सगळं रुखवत — साखरेची तुळस, लोकरीचे ससे, पुठ्ठ्याचा बंगला — त्यांच्या हुकमाखाली.

"अगो अवंती, रुखवतात तुझ्या हातचं काहीतरी हवं हो! वहिनीचं काही नाही, असं दिसायला नको."

"आणते आत्या."

अवंती 'आणते' म्हणाली तेव्हा तिचा एक हात फोनवर होता आणि दुसऱ्या हातानं ती चिऊच्या तोंडातून सपात ओढत होती. सपात निघाली. 'आणते' मात्र डोक्यातून साफ गेलं!

हे 'आणते' लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

आता अवंतीसमोर दोन वाटा. नवी पर्स घ्यायची, की हीच पिशवी सुधारायची? नव्या पर्समध्ये थर्मास बसेना. दुकानात तिनं घालून बघितला, दुकानदार बघतच राहिला. मग ठरलं — हिलाच नटवायचं! चिऊ दुपारी झोपते ती चाळीस मिनिटं. रोज चाळीस मिनिटं, आठ दिवस. तपश्चर्याच म्हणा!

पहिल्या दिवशी पिशवी धुतली. दुसऱ्या दिवशी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा मापानं कापून तळाशी घातला — आणि काय चमत्कार! पोतं उठून उभं राहिलं! मग आतल्या सामानाला शिस्त. लंगोट एका छोट्या पाकिटात, औषध दुसऱ्यात, बाटली उभी. फुगायचं नाही, लोंबायचं नाही. लांब बंद आत खोचले, आखूड बंद वर ठेवले, म्हणजे खांद्यावर लटकवायची नाही, कोपराच्या घडीत धरायची. आरशासमोर धरून बघितली. डावीकडून, उजवीकडून. पिशवी बदलली की चालही बदलते हो! चालून बघितली.

आणि मग लोभ सुटला. म्हणाली, जराशी इस्त्री फिरवावी.

नायलॉनला इस्त्री! काकू, तुमच्या तोंडून 'अगंबाई' निघालं ना? तिच्याही निघालं! वरून कापड घातलं होतं, इस्त्री अगदी मंद होती, पण चिऊ झोपेत खोकली. आईची मान तिकडे वळली, हात तिथेच राहिला. पुढच्या बाजूला बंदाखाली रुपयाएवढा चकचकीत डाग! आठ दिवसांची तपश्चर्या आणि रुपयाएवढा डाग!

रडली का? रडली. पण दोनच मिनिटं. चाळीसातली सदतीस संपली होती.

चिऊच्या बारशाला उषाताईंनी आपलं जुनं सुती इरकली लुगडं दिलं होतं. आपल्याकडे रीतच आहे, आजीच्या मऊ लुगड्याची नातवंडाला दुपटी, लंगोट. अवंतीनं ते फाडताना काठ वेगळा काढला होता, बाळाला टोचेल म्हणून. टाकला मात्र नव्हता. लालभडक, रुंद, पिवळ्या रेघेचा काठ. तो काढला, धुतला, बंदाला गुंडाळून पुढे अशी सैल गाठ मारली, की टोक बरोब्बर डागावर! डाग गेला. आणि पिशवी… मंडळी, राखाडी अंगावर तो लाल काठ! जणू सवाष्ण कुंकू लावून उभी राहिली!

लग्नाचा दिवस उजाडला. आदल्याच दिवशी चिऊला लसीचं इंजेक्शन दिलेलं. तारीख चुकवायची नाही, अवंतीचा हट्ट! डॉक्टर म्हणाले होते, ताप येईल, घाबरू नका, हे थेंब द्या. थेंब कुठे? पिशवीत. मऊ कुठे? पिशवीत. पिशवी कुठे? कोपराच्या घडीत, डौलात!

कार्यालयात शिरताना उषाताईंनी बघितलं. वरून खाली. "हं," म्हणाल्या. सासूच्या या 'हं'मध्ये काय काय असतं ते इथल्या सुनांना सांगायला नको.

मग वऱ्हाड आलं. वाकून नमस्कार करायला दोन्ही हात मोकळे हवेत. चिऊला दिलं नवऱ्याकडे, मंदारकडे. आणि पिशवी? आता विचार करा. ती जुनी, लोंबती पिशवी असती, तर कुठेही टाकली असती. खुर्चीखाली, चपलांशेजारी. पण ही नटलेली! हिला जमिनीवर कसं ठेवायचं? शेजारी एक टेबल होतं, पांढऱ्या चादरीचं. त्याच्या कोपऱ्यावर ठेवली.

रुखवताचं टेबल!

ठेवली आणि ती वळली. इकडे आल्या बेबीआत्या. "आणलीन हो वहिनीनं! आणि काय सुबक!" साखरेची तुळस सरकवली, लोकरीचा ससा हलवला, पिशवी मधोमध बसवली. वर कार्ड टोचलं — 'वहिनीच्या हातची कला'. मोगऱ्याचा गजरा वाहिला. आणि पुढे आडवी लाल दोरी बांधली.

दोरी कशाला? तर त्या घरचा रिवाज! विहीणबाई येऊन बघत नाहीत, तोवर रुखवताला घरच्या माणसानं हात लावायचा नाही. आणि विहीणबाई? त्यांची वेणी घालणं चालू होतं!

पंधरा मिनिटं गेली. मंदार आला. "अगं, ही रडतेय. गरम लागतेय."

अवंतीनं कपाळाला हात लावला. तापलं होतं. "पिशवी कुठाय?" कोपऱ्यावर नाही! खुर्चीखाली नाही! आणि मग दिसली. ससा आणि तुळशीच्या मध्ये, गजरा घालून, देवीसारखी!

अहो ताई — त्या समईजवळचं बाळ कुणाचं? उचला बरं आधी. हां. घेतलंत? असू दे मांडीवर. आता पुढे.

चिऊला कडेवर घेऊन अवंती धावली. दोरीपाशी बेबीआत्या हात पसरून उभ्या. "अगो, थांब! आत्ता येतायत त्या!"

"आत्या, ती माझी पिशवी—"

"माहीत आहे हो तुझीच! सगळ्यांना सांगितलं मी!"

आणि तेवढ्यात विहीणबाई आल्याच. त्यांच्याबरोबर उषाताई. विहीणबाई पुठ्ठ्याच्या बंगल्यापुढून नुसत्या गेल्या. सशांपुढून गेल्या. पिशवीपाशी थांबल्या!

"अय्या, हे काय सुंदर! कुठून घेतलंत?"

आणि उषाताई, त्याच, कांदेवाल्या उषाताई, ताठ मानेनं म्हणाल्या, "घेतलं कसलं! आमच्या सुनेच्या हातचं आहे. फार कलेची आहे हो आमची अवंती."

मंडळी! लग्नाला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत सासूच्या तोंडून पहिलं कौतुक, आणि तेही पुण्याच्या विहिणीसमोर! आता सांगा, तुम्ही काय केलं असतंत? गप्प बसलं, तर मान राहतो. फोटो निघतो. 'आणते' म्हटलेलंही खरं ठरतं. आणि चेन उघडली, तर काय बाहेर येणार? लंगोट! रुखवतात, गजऱ्याखालून, लंगोट!

पाच मिनिटांनी सगळे पुढे सरकतील, मग हळूच काढून घेऊ. असं तिच्या मनात आलं. हो, आलं! आईच्याही मनात येतं. खोटं कशाला सांगू.

पण चिऊ रडता रडता थांबली. दमून. आणि बारीक आवाजात म्हणाली — "म… ऊ."

संपलं! अवंती दोरीखालून वाकून गेली. गजरा बाजूला, कार्ड बाजूला, चेन सर्रकन खाली! सशाशेजारी लंगोट. तुळशीला टेकून बाटली. पुठ्ठ्याच्या बंगल्याच्या गच्चीवर तोंड पुसायचा रुमाल, आणि गच्चीखाली त्या रुमालाचा रुमाल! तळाशी औषध. मोजून थेंब चिऊच्या तोंडात. मग मऊ. चिऊनं गाठ तोंडात धरली, डोळे मिटले, आईच्या खांद्यावर डोकं टाकलं.

सगळ्यांच्या माना टेबलाकडे. सनईवालासुद्धा श्वास घ्यायला थांबलेला!

अवंती म्हणाली, "आई, मी रुखवतासाठी काही केलंच नाही. विसरले. ही चिऊची पिशवी आहे. नायलॉनची. आत पुठ्ठा आहे. आणि पुढे जळलीय, म्हणून हा काठ बांधला."

उषाताईंचा चेहरा? काय सांगू! बेबीआत्या तर तुळशीमागे लपायला जागा बघत होत्या.

विहीणबाई पुढे झाल्या. चिऊच्या तोंडातली चिंधी बघितली. बंदावरचा काठ बघितला. परत चिंधी बघितली. "अहो उषाताई, रेघ तीच! हे दोन्ही एकाच लुगड्याचं की हो!"

उषाताईंनी चष्मा वर केला. काठ हातात घेतला. बोटानं रेघ चाचपली. "माझं आहे," म्हणाल्या. "ऋतुजाच्या वेळच्या डोहाळजेवणाचं. मला वाटलं, काठ टाकून दिलान हिनं."

"टाकीन कसा, आई?"

उषाताई वाकल्या. त्यांनी पडलेलं कार्ड उचललं. आपल्याला वाटेल, फाडलं असेल. नाही! पुन्हा पिशवीला टोचलं. लंगोट मात्र आत घातला. आणि विहीणबाई? त्यांनी अवंतीला बाजूला घेतलं आणि कानात विचारलं, "पुठ्ठा कुठल्या खोक्याचा गं? माझी पिशवी ठेवली की लोळते!"

तर मंडळी, प्रश्न काय होता? माणसानं नटावं की नटू नये? नटावं! खुशाल नटावं. पुठ्ठा घालून ताठ उभं राहावं. जळलेल्या जागेवर गाठ मारावी, जग काय आपले डाग बघायला जन्मलेलं नाही! पण वरचा काठ आणि आतली चिंधी एका लुगड्याची असावी. म्हणजे मग भर मांडवात कुणी चेन उघडली, तरी लाज वाटायचं कारण उरत नाही. आणि आतून कुणी हाक मारली, तर गजरा बाजूला सारायला हाताला क्षणभरही वेळ लागू नये.

म्हणा माझ्याबरोबर, टाळ्या वाजवून —

वरती काठ, आत चिंधी, एक सूत दोघांमधी,
ऐसे जिणे देई देवा, नको दुजी रिद्धी-सिद्धी!

तुम्ही आज देवळात आलात. छान साड्या, इस्त्रीचे सदरे, कपाळाला गंध. फार गोड दिसताय सगळे. मी फक्त एवढंच विचारते — आत कुणी रडतंय का? घरी कुणी तापलेलं आहे का, ज्याचं औषध तुमच्या पिशवीत आहे, आणि तुम्ही फोटो व्हायची वाट बघताय? असेल, तर आरतीला थांबू नका. जा. देव रागावणार नाही, तो सकाळपासून नटूनच बसलाय, तो थांबेल.

बाकीचे उभे राहा. आणि पिशव्या त्या प्रसादाच्या टेबलावर ठेवू नका हो — कुणी गजरा वाहिला, तर मी जबाबदार नाही!