घोडीपाशी कुणाचा हात

मग डोळ्यांवर टॉवेल कुणी बांधून घेतला होता — मी? तूच म्हणालास ना, बघितलं की मन फसतं, आजी, नुसत्या कानानं निवडतो? निवडलंस की मग! एकदा नाही, दोनदा. तीन पिकप होते, तारांचा आवाज उचलणारी चुंबकाची वेटोळी — तुझ्या काकानं सिंगापुराहून आणलेला तो लाल, डब्यातला आमच्या यांचा, आणि गेल्या आठवड्यात मी गुंडाळलेला. मी एकेक आणून गिटारीच्या घोडीपाशी, तारा टेकतात तिथं, धरला, तू तारा छेडल्यास, आणि दोन्ही वेळा ओरडलास, 'हाच, हाच तो, काढू नका.' मग टॉवेल सोडलास, आणि हा माझा म्हटल्यावर तोंड असं झालं, जसं चहात कुणी मीठ घातलं. आता म्हणे नको, रंगनाथजींचाच बसवा. का रे उमाकांत? टॉवेलाबरोबर कानही उतरवून ठेवलेस?

नाही, बस. उठू नकोस. डाग द्यायचा सोल्डर तापत टाकलाय, चारला लाइट जाते, आता वाजलेत सव्वातीन — आणि माझा प्रभाकर तिकडच्या विश्वकर्मा कारखाना-वसाहतीतल्या शेडवरून यायच्या आत मला हे मिटवायचंय. त्यानंच भरवलंय ना तुझ्या डोक्यात? 'बाबांचा हात, बाबांचा हात.' नवी पाटी रंगवून घेतली त्यानं, पाहिलीस? रंगनाथ वाइंडिंग वर्क्स, खाली विजेच्या मोटारीचं चित्र. आणि गिऱ्हाइकाला सांगतो, आई बसते जरा विरंगुळा म्हणून. विरंगुळा! केसाहून बारीक तार सात हजार वेळा फिरवायची, एकदा तुटली की पहिल्यापासून, आणि हा विरंगुळा. तो पंखा बंद कर आधी. धूळ येते तारेवर.

बोलू दे मला. तुला काय हवंय ते तुझ्यापेक्षा मला जास्त कळलंय. तुझ्या वडिलांच्या गिटारीत दोन पिकप — गळ्याकडचा, दांडीच्या बाजूचा, इथं जयपुरात, या दुर्गापुऱ्याच्या घरात गुंडाळलेला, सदुसष्ट साली. तो अजून वाजतो. घोडीकडचा विलायती, तो मेला. तुला त्या मेलेल्याच्या जागी असा हवा, की गळ्याकडच्याशी एका घरचा वाटावा. तू ऐकवलेल्या त्या कॅसेटवर तुझे वडील उत्तमराव मेसमध्ये वाजवतात तसा आवाज हवा — उघडा, काचेच्या पेल्यावर चमचा टेकवावा तसा, पण कडा न टोचणारा. रविवारी त्यांच्या पलटणीतले लोक येणार, उत्तमरावांना जाऊन वर्ष झालं म्हणून, आणि तुझी आई पहिल्या रांगेत बसणार. हेच ना? मग ऐक तर खरं.

तो लाल बाजूला ठेव. त्यात तार ठासून भरलीय. तार जास्त तेवढा आवाज मोठा आणि तेवढाच जाड, घोंगडीतून बोलल्यासारखा. आणि चुंबक नवाकोरा, दांडगा — तो गिटारीच्या तारेला थरथरूच देत नाही, मानगूट धरून ठेवतो. जुनी गिटार गोड का लागते? तिचा चुंबक म्हातारा झालेला असतो. म्हातारी माणसं काय सगळी वाईट नसतात, भैया.

आता डब्यातला. बघ, बघ, हातात घे. यांचंच अक्षर आहे, 'आठ हजार, रं.' कसा गुंडाळलाय! तारेला तार चिकटून, थरावर थर, जसं दोऱ्याचं नवं रीळ. मोटारीला असंच गुंडाळायचं असतं, पलटणीच्या वर्कशॉपात हे तेच शिकले होते. आणि म्हणूनच तो दाबून बोलतो. तारा एकमेकींना इतक्या खेटल्या की वरचे सूर आतच जिरतात. माझा बघ — वेडावाकडा, आडवातिडवा. हे हसायचे, म्हणायचे, मालन, ही वेटोळी की शेवयांचं घावन? हसा म्हणायचे मी. मी मिरजेची. आमच्या गल्लीत तंबोरे व्हायचे, कारागीर घोडी घासत बसायचा, तारेखाली दोरा सरकवायचा, आणि एका जागी तार उघडायची — मी परकराच्या वयाची, उंबऱ्यावर बसून ती जागा ऐकायचे. मला कुणी शिकवलं नाही. शाळा चौथीपर्यंत. पण आवाज कधी उघडला आणि कधी मिटला ते मला कळतं. तुलाही कळतं, म्हणून तर दोनदा ओरडलास!

काय म्हणालास? — 'मतलब, नाव तर रंगनाथजींचंच आहे ना'? हो, नावच आहे. नावाला तारा लाव आणि वाजव मग.

थांब. ती स्कूटर आपली नव्हे, शेजारच्यांची.

पहिल्या दिवशी तू म्हणालास, गळ्याकडचा उघडून बघा, आत काय आहे तसंच करा. मी हात लावू दिला नाही. तुला वाटलं म्हातारी घाबरली. तुझं डोकं वाकडं चालत नाही एवढं बरंय. घाबरलेच होते. पण तार तुटेल म्हणून नव्हे.

सदुसष्टच्या पौषात तुझे वडील ही गिटार घेऊन आले. हे म्हणाले, चार दिवसांत देतो. एक गुंडाळला, छान, रिळासारखा. तुझ्या वडिलांनी वाजवला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, 'रंगनाथ, हा झोपलाय रे.' यांना फार लागलं ते. पुन्हा बसले — आणि तार सापडेना. हातातली तार दिसेना. मी म्हटलं, उजेड कमी आहे. उजेड कसला कमी? दुपारचे बारा, जयपूरचं ऊन! नजर अधू झाली होती त्यांची. चाळिशीच्या आत. कुणाला कळलं असतं तर छावणीचं सगळं काम गेलं असतं, त्यांच्या कानाला लावायच्या हेडफोनांचं, रेडिओंचं —

हे मी तुला का सांगतेय? तुझ्या आईला सांगू नकोस. प्रभाकरला तर नाहीच. त्याला वाटतं बाबा शेवटपर्यंत बारीक काम करत होते. हो, करत होते, दार लावून. आत मी असायचे. चौदा वर्षं. गिऱ्हाईक आलं की मी चहा घेऊन बाहेर, आणि हे खुर्चीत. बाईनं गुंडाळलंय म्हटलं तर पलटणीतलं कुणी पाऊल ठेवेल का, असं ते म्हणाले आणि मीही मान हलवली, शब्द दिला. मोडला नाही कधी. त्यांना नाव मिळालं तर मलाच मिळालं, असं वाटायचं. बहुतेक दिवस वाटायचं.

पण आज तू तो डब्यातला बसवशील, रविवारी तो घोंगडीतून बोलेल, आणि ते सगळे म्हणतील, रंगनाथचा हात असा होता? मग शब्द पाळून मी कुणाचं नाव राखलं, सांग ना! तो डब्यातला यांचाच आहे, खरा, शंभर टक्के. तुझ्या वडिलांनी झोपलाय म्हणून परत केलेला तोच तो. यांनी टाकला नाही, वर स्वतःच्या अक्षरात लिहून जपून ठेवला. रोज एकदा चाचपायचे.

दुसरा, हा गळ्याकडचा, मी केला. शिवणाच्या मशीनच्या चाकावर. मोजायला यंत्र कुठलं — शंभर फेरे झाले की एक चिंचोका वाटीत. ऐंशी घालायचे होते, त्र्याहत्तराव्याला तार संपली, आणि बाजार बंद. वरून बांधायला पांढरी पट्टीही उरली नव्हती. जे हाताला लागलं त्यानं बांधला.

विश्वास नाही ना? ठीक. हा घे पेचकस. गळ्याकडचे दोन स्क्रू काढ, झाकण उचल, तुझ्या वडिलांच्या गिटारीचं, माझी ना नाही आता — आत पांढरी पट्टी निघाली तर हा डबा उचलून चालू लाग, आणि काळी निघाली, कडेला लाल काठाचा एक धागा राहिलेला, तर ती माझ्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा आहे, बोट न लावता झाकण लाव आणि सोल्डर माझ्या हातात दे.