न दिलेला डबा

सन्माननीय अध्यक्ष रेव्हरंड ऑसगुड, व्यासपीठावर पदकं लावून बसलेले जुन्या लढाईतले आजोबा, आजचे सत्कारमूर्ती कॅप्टन लूशस पार्डीसाहेब, मागच्या खोलीत कॉफी उकळत ठेवून दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या काकू-मावश्या, शेवटच्या बाकांवरची आमची कंपनी आणि ॲशफर्डच्या तमाम लोकहो,

आधी एक कबुली देतो. कॅप्टनसाहेबांची हॅट मी चोरलीय.

हसू नका. साहेब दोनदा उठून खुंटीकडे गेलेले मी पाहिलं. त्यांना माझं भाषण ऐकायचं नाही, आणि या थंडीत बोडक्यानं स्टेशनावर जाणारा हा माणूस नाही. हॅट सुरक्षित आहे. माझं बोलणं संपलं की मिळेल.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्याबद्दल ‘आभार, क्लेम रड’ एवढंच छापलंय. बाकी कुणी तयार होईना म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी तबेल्यात घोडे धुणारा माणूस, शाळेत पाचवीपुढे गेलो नाही, तेही मास्तरांनी हात टेकले म्हणून. तेव्हा मोठमोठे शब्द माझ्याकडे नाहीत. आहे ते सांगतो.

वसंतात आम्ही लढाईला निघालो तेव्हा तुम्ही बँड लावून निरोप दिलात, आठवतं ना? क्युबाला जाऊन स्पेनवाल्यांना झोडपून येणार होतो आम्ही. पोचलो कुठवर? जॉर्जियातल्या पाइनच्या जंगलात. तिथली तांबडी माती, तंबू आणि कवायत. आमच्यापैकी एकानंही स्पेनचा माणूस पाहिला नाही. माशा मात्र पाहिल्या. इतक्या, की मनुका घातलेला पाव आहे की साधा, ते हलवून बघावं लागायचं.

त्या कंटाळ्यात मी काय काय केलं ते व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. सार्जंटच्या बुटात काकवी ओतली, एवढं सगळ्यांना माहीतच आहे. आणि प्रत्येक खोडीत माझ्या जोडीला कोण? हार्लन टटल. गिरणीच्या रस्त्यावरच्या टटलकाकूंचा हार्लन. काकू आज इथे नाहीत. सबंध गाव आहे, त्या तेवढ्या नाहीत. का नाहीत, ते तुम्ही जाणता.

ऑगस्टमध्ये हार्लनला टायफॉइड झाला. तेव्हा निम्मी छावणी तापानं लोळत होती. पण आमचा गडी काटक. ताप उतरला. मी दवाखान्याच्या तंबूच्या कनातीखालून डोकं घातलं की म्हणायचा, “क्लेम, आणखी एक पेला दूध पाजलं ना यांनी, तर मी हंबरायला लागेन.”

डॉक्टरांचा हुकूम होता, दूध आणि पातळ रस्सा, बाकी काही नाही. ताप गेला तरी आतडी कच्ची असतात म्हणे, घट्ट घास पोटात गेला की घात. कॅप्टनसाहेबांनी आम्हाला रांगेत उभं करून हे दोनदा बजावलं होतं. मी ऐकलं होतं. कानांनी ऐकलं होतं.

आणि तेव्हाच काकूंचा डबा आला. अक्रोडाचा केक. कुणी कुणी खाल्लाय तो? बघा, किती हात वर झाले. खालून जरासा करपलेला, वरून काकवीची चिकटाई. साहेबांनी डबा आपल्या तंबूतल्या पेटीत ठेवला आणि म्हणाले, “टटल पायावर उभा राहिला की त्याच्या हातात मी स्वतः देईन.”

आता मला सांगा, पेटीला कुलूप लावून माझ्यासारख्याला आव्हान द्यावं का कुणी?

दुपारी साहेब कवायतीवर गेले. कुलूप उघडायला मला दाढेखाली तंबाखू धरण्याइतकाही वेळ लागला नाही. मग सार्जंटकडे गेलो आणि दवाखान्याचा तंबू झाडायचं काम मागितलं. सार्जंट माझ्या कपाळाला हात लावून म्हणाला, “रड, तू आपणहून काम मागतोयस? तुलाही ताप चढलाय की काय?” नव्या बादलीत केक, वर कोरं फडकं, आणि मी शीळ घालत आत.

कॅप्टनसाहेब, उभे राहू नका. नाही साहेब, बसणार नाही मी. आपण दोघंही फौजेतून सुटलोय. आता तुमचा हुकूम मला लागू नाही. रेव्हरंड, त्यांना जरा बसवा.

हार्लननं फडकं उचललं आणि नुसता वास घेत राहिला. मी म्हटलं, “अरे खा की, वासानं पोट भरतं का?” तो म्हणाला, “थांब रे. आईनं पुन्हा करपवलाय. आमची म्हातारी काही सुधारायची नाही.” आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग दोन्ही हातांनी खाल्ला. मला म्हणाला, “तू घे.” मी म्हटलं, “तू खा लेका, वाळून काटकी झालायस.” फार मोठं मन दाखवलं मी.

संध्याकाळी त्याच्या पोटात कळ उठली. दुसऱ्या दिवशी तो गेला.

घोंगडीत अक्रोडाचे तुकडे सापडले. साहेबांनी मला बोलावलं. विचारलं, “कुणी?” मी म्हटलं, “मी.” मला वाटलं, आता बेड्या पडणार. पडाव्यात असंही वाटत होतं. साहेबांनी उठून तंबूचं दार ओढून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “आवडला का त्याला?”

“हो साहेब. आई करपवते म्हणाला.”

“मग नीट ऐक. डबा माझ्या पेटीत होता. मी तो दिला नाही. झालं ते एवढंच. दुसरं काही कधी घडलंच नाही.”

मी म्हटलं, “साहेब, पण दोष माझा आहे.”

ते म्हणाले, “दोष तुझाच आहे, आणि तो तू जन्मभर बाळगशील. पण तू तोंड उघडलंस तर तो तुझ्यापाशी थांबणार नाही. केक कुणाच्या हातचा होता? डॉक्टर म्हणतात, कदाचित केकनं झालं, कदाचित तसाही गेला असता. डॉक्टरांपाशी ‘कदाचित’ आहे. त्या बाईपाशी ते राहणार नाही.”

पुढचं तुम्ही सगळ्यांनी स्टेशनावर डोळ्यांनी पाहिलंय. शवपेटी उतरवली. काकू साहेबांसमोर आल्या आणि त्यांनी एकच विचारलं, “माझा डबा पोचला होता का?”

साहेब म्हणाले, “पोचला होता, बाई. मी दिला नाही.”

“एक घासही नाही?”

“एक घासही नाही.”

तेव्हा काकू काय म्हणाल्या ते सगळ्या फलाटानं ऐकलं. “उपाशी मारलंत माझ्या लेकराला.” साहेबांनी हॅट काढली आणि मान खाली घालून उभे राहिले. शेजारी मी. अख्ख्या गावात वटवट करणारं हे तोंड तेव्हा शिवल्यासारखं बंद.

त्यानंतर साहेबांच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळा घ्यायलाही कुणी फिरकेना. दुकानाच्या फळीवर कुणीतरी कोळशानं ‘उपाशीमार’ लिहिलं. कुणी लिहिलं हे मी विचारत नाही, मान खाली घालायची गरज नाही. साहेबांनी ते पुसलं नाही. मी एकदा ओलं फडकं घेऊन गेलो, तर म्हणाले, “राहू दे क्लेम. त्यांना ते लिहिलेलं हवंय.” आणि आज दुकान विकून ते पश्चिमेकडे चाललेत, बहिणीकडे. आपण त्यांना चांदीचं घड्याळ दिलं, टाळ्या वाजवल्या. खरं सांगा, किती जण मनापासून वाजवत होते? ब्याद टळली म्हणून वाजवणारे किती?

हा माणूस ती शिवी पाठीवर घेऊन गाडीत बसायला निघाला होता. मला ते सहन होईना. म्हणून हॅट चोरली.

आता आभार. अध्यक्षमहाराजांचे आभार, त्यांनी घंटा वाजवली नाही. बँडवाल्यांचे, कॉफीवाल्या मावश्यांचे आभार. कॅप्टनसाहेब, तुमचे आभार मानायला मला शब्द शिकवलेले नाहीत. ही घ्या हॅट, पियानोच्या पोटात होती. गाडीला अजून वेळ आहे. तोवर ज्याला साहेबांचा हात हातात घ्यायचा असेल त्यानं घ्यावा. फळीवरच्या त्या कोळशाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर लहान समजून पोटात घाला.

आणि एक मागणं. यासाठी मी गुडघे टेकायलाही तयार आहे. यातला एक शब्दही टटलकाकूंच्या कानावर जाता कामा नये. उद्या त्या विचारतील, क्लेम काय बोलला? सांगा, हॅट चोरून माकडचेष्टा करत होता. त्यांना ते लगेच पटेल.

मी दर रविवारी त्यांची लाकडं फोडायला जातो. काम झालं की त्या मला स्वयंपाकघरात बसवतात आणि तोच केक पुढ्यात ठेवतात. खालून करपलेला. म्हणतात, “माझ्या हार्लनला नाही मिळाला. तू तरी पोटभर खा बाळा.” आणि समोर बसून बघत राहतात. मी खातो. ताटलीतला चुरासुद्धा बोटानं टिपून खातो, कारण त्या बघत असतात.

येत्या रविवारीही मला तिथे बसायचंय. मावश्यांनो, आजोबा, आमच्या कंपनीच्या पोरांनो, मेहेरबानी करा, काकूंना कुणी सांगू नका.