खिडकीतले सासरे

(गुरुवार, २१ ऑक्टोबर २००४. सकाळचे आठ. परदेशात, पुंगोलमधला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट.)

एकता : बाबा, तो टॉवेल सोमवारीच वाळलाय.

रावसाहेब : म्हणून तर परत भिजवला, पोरी. कोरडाच वाळत घातला तर लोक हसतील.

एकता : धम्मा, टॅक्सी साडेआठला येतेय. विमान अकराचं आहे. माझ्या वडिलांना खिडकीतून आत घे.

धम्मदीप : बाबा, एक विचारू? आजचं जाणं रद्द केलं तर?

रावसाहेब : जावईबापू, तीस वर्षं परभणी डेपोतून एस.टी. सोडल्यात मी. नवरदेव खाली चहा पीत होता, तरी गाडी सोडलीय. आता स्वतःसाठी विमान थांबवू?

धम्मदीप : विमान जाऊ द्या. तुम्ही थांबा.

एकता : चार वर्षांत बाबा तीनदा आले. एकदा तरी ‘राहा’ म्हणालास?

धम्मदीप : तेव्हा बॉस्टनची टीम अशी मागे पडली नव्हती.

एकता : बॉस्टन शहाऐंशी वर्षं मागेच आहे! एकदाही कप नाही.

धम्मदीप : एकता, रविवारी आपण तीन-शून्य मागे होतो. सात मॅचमधल्या चार जिंकायच्या. बेसबॉलमध्ये इथून आजवर कुणी परत आलेलं नाही. सोमवारी नववी, म्हणजे शेवटची इनिंग, सगळं संपलेलं, आणि बाबांनी बांबूला टॉवेल अडकवून खिडकीबाहेर काढला. बरोबरी! आणि मग जिंकलोच. आता तीन-तीन. आज शेवटची.

एकता : आणि मंगळवारी पहाटे पाचपासून अकरापर्यंत ते खिडकीत उभे. खालच्या आंटी वर आल्या. ‘अंकल, ऑलरेडी ड्राय, लाह!’

रावसाहेब : चांगली आहे बाई. स्टूल आणून दिलं तिनं.

एकता : तुम्ही तरी त्याचं कशाला ऐकता?

रावसाहेब : मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू? सत्त्याऐंशीच्या सेमीफायनलला मीच तुला दारात उभी केली होती.

एकता : पन्नास ओव्हर! बाथरूमलाही सोडलं नाहीत. आणि तरी हरलो.

रावसाहेब : शेवटी शेवटी तू हललीस.

धम्मदीप : बघ! म्हणून मी ऑफिसात नीट सांगून ठेवलंय.

एकता : काय सांगितलंस?

धम्मदीप : सासरे आजारी आहेत.

रावसाहेब : मला काय झालंय?

धम्मदीप : ताप. कालपासून उतरतोय. शुक्रवारी मी तुआसच्या ऑफिसला गेलो की पूर्ण बरे व्हाल.

रावसाहेब : पण जावईबापू, हे बॉस्टन तुम्हाला लागलं कुठून?

धम्मदीप : नऊ वर्षांचा होतो. एक अमेरिकन बाई आमच्या वस्तीवर अभ्यासाला आल्या होत्या. जाताना मला त्यांची बॉस्टनची टोपी देऊन गेल्या. पुढं पत्रातून स्कोअर कळवायच्या. शहाऐंशीला आपण फायनलला पोचलो आणि हरलो, ते मला डिसेंबरात कळलं. तोवर दीड महिना मी जिंकलेलोच होतो.

रावसाहेब : मग घरचे काय म्हणाले?

धम्मदीप : कुणाला सांगणार? वस्तीत सगळे क्रिकेटवाले. एकट्यानंच हरलो. गुपचूप. जेवायलाही बसलो.

एकता : हे मला कधी सांगितलं नाहीस.

धम्मदीप : तू नेहमी एवढंच विचारतेस, जेवलास का. जेवलेलो असतो.

रावसाहेब : एकता, तिकीट बदलता येतं?

एकता : येतं. रॅफल्स प्लेसला ऑफिसात पोचल्यावर फोन करते. पण बाबा, तुम्ही खरंच राहणार? टॉवेल घेऊन?

रावसाहेब : राहतो. पण खिडकीत नाही. तिथून टीव्ही दिसत नाही. तुम्ही ओरडता, मी नुसता समोरची इमारत बघतो. मला तुमच्या शेजारी बसून बघायचंय, जावईबापू.

धम्मदीप : शेजारी? आज?

एकता : बघ आता. नाहीतर टॅक्सी येतेच आहे.

धम्मदीप : बाबा, निदान पहिली इनिंग खिडकीत…

रावसाहेब : नाही.

धम्मदीप : विमानात तुम्हाला खिडकीची सीट आहे का हो?

एकता : धम्मा!

धम्मदीप : नाही, म्हणजे तिकडूनही चाललं असतं कदाचित. बाबा, मी सत्तावीस वर्षं थांबलोय. तुम्ही इथं बसलात, आणि आपण हरलो तर?

रावसाहेब : तर दोघं हरू.

एकता : टॅक्सीवाल्याला काय सांगू? धम्मा, तो खाली आलाय.

धम्मदीप : …जा म्हणावं. बसा बाबा. इथं या, मधे. ती उशी घ्या पाठीला. पाय वर घेतले तरी चालतील.

रावसाहेब : सुरू झालं का?

धम्मदीप : झालं. हा पहिला बॉल.

रावसाहेब : बरं. आता मला एवढं सांगा, यातले आपले कोणते?