बाबांचे आजार

बाबांवर मला संशय कसा आला, ते ऐका. नर्सिंगच्या लायसन्सच्या परीक्षेत मी नापास झाले आणि पुस्तक मिटून ठेवलं. दुसऱ्याच दिवशी बाबा होडीवरून आले ते छाती धरूनच.

"बाय, हय धडधडता गो. बघ तुझ्या पुस्तकात."

घाबरून मी हृदयाचा अख्खा धडा वाचला. मग त्यांना दम लागला. मग कंबर धरली, म्हणून मूत्रपिंडाचा धडा वाचला. जेवताना बांगडे मात्र दणकून खात होते!

मी अनुक्रमणिका उघडली. आजार त्याच क्रमाने येत होते.

म्हटलं, "बाबानु, फुडचो धडो बाळंतपणाचो आसा. आता काय करतलात?"

जाळं शिवता शिवता बाबा आईकडे बघून म्हणाले, "उद्या तुझ्या आवशीक धाडतंय."