मेहनतीचे डोनट

डोनटचं नाव काढू नका माझ्यासमोर! आम्ही नवीनच टेक्सासमधल्या फ्रिस्कोला आलो होतो, तेव्हा दर शनिवारी चायनीज बुफेला जायचो. तिथले ते साखरेत घोळवलेले छोटे डोनट माझा नवरा नितीन प्लेट भरभरून आणायचा. वर मला विचारायचा, "तू घरी का नाही करत गं?"

झालं! एका रविवारी यीस्ट घालून मैदा भिजवला आणि तो फुगेपर्यंत राखण करत बसले. घरात तळणीचा वास राहतो म्हणून शेगडी गराजमध्ये मांडली. टेक्सासचा उन्हाळा, घामाने नुसती निथळत होते. साखरेत हौसेने वेलचीपूडही घातली. नितीन एक खाऊन म्हणाला, "चांगलेत, पण तिथली मजा नाही यार." आमची लेक म्हणाली, "आई, धिस टेस्ट्स लाइक दिवाळी."

सोमवारी ऑफिसमधल्या लिंडाला हे सांगितलं, तर ती हसतच सुटली. म्हणाली, "बुफेवाले पीठ कुठे मळत बसतात? ग्रोसरीत मळलेल्या पिठाच्या तयार गोळ्यांचे पुठ्ठ्याचे डबे मिळतात. डबा आपटून उघडायचा, गोळे तळायचे, साखरेत घोळवायचे!"

पुढच्या रविवारी मी तेच केलं. मैदा नाही, यीस्ट नाही, वेलची तर नाहीच. डबा ओट्यावर आपटून उघडला, गोळे तेलात सोडले, साखरेत लोळवले आणि टीव्ही बघत बसले.

नितीनने पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो? जरा मेहनत घेतलीस की तुलाही जमतं!"